ढब्बूचं लिव्हर

माणसाचं चारित्र्य त्याच्या कमरेच्या घेरावरून कळतं. पीटीच्या मास्तरांनी हा सिद्धांत शाळेच्या मैदानावर आधी बापांना आणि मग त्यांच्या मुलांना ऐकवला होता. सध्या मास्तर दवाखान्यातल्या खाटेवर होते, लिव्हर निकामी होऊन पोटात पाणी साचलं होतं आणि पायजम्याची नाडी पुरत नव्हती.

दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाचं लिव्हर का बसावं, याला डॉक्टरीणबाईंकडे एक लांबलचक नाव होतं. उपाय मात्र आखूड होता : जवळच्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. तपासण्यांत एकच माणूस जुळला. मास्तरांचा धाकटा भाऊ, बेकरीवाला. त्याला ‘ढब्बू’ हे नाव लहानपणी मास्तरांनीच ठेवलं होतं.

“माझी कुठे ना आहे?” ढब्बू म्हणाला. “एवढं पोट आहे, आत काहीतरी जादा निघेलच.”

जादा निघालं, पण ती चरबी होती. लिव्हरमध्ये ठिकठिकाणी साठलेली चरबी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवली. असला तुकडा मास्तरांच्या पोटात नीट काम करेलच असं नाही, आणि मागे उरलेला ढब्बूच्या पोटात नीट वाढेलच असंही नाही.

“दोन महिने देते,” त्या म्हणाल्या. “त्यापुढे मास्तरांना थांबता येणार नाही. वजन हळूहळू उतरवा. एकदम उपाशी राहिलात तर लिव्हर आणखी बिघडेल. रोज चाला, गोड बंद. कॉफी बिनसाखरेची चालेल. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचं दुखणं कमी दिसतं. पण ते काही औषध नव्हे.”

शेवटचं वाक्य दोघा भावांनी ऐकलं नाही. त्यांच्या घराण्यात शेवटचं वाक्य ऐकायची पद्धत नव्हती.

खाटेवरून कवायत सुरू झाली. मास्तर सकाळी फोनवरून भावाला चालवत. “हात हलव! धापा ऐकू येतायत, पावलं कुठायत?” दिवसभर लोण्याच्या वासात उभं राहून ढब्बू काकडी चघळी आणि संध्याकाळी थर्मास भरून काळी कॉफी घेऊन दवाखान्यात येई. मास्तरही कपभर घेत.

“भावजी, पथ्य तुमचं. यांना कशाला पाजताय?” वहिनी विचारीत.

“एकट्याला फार कडू लागते हो, वहिनी.”

थर्मास रिकामा करून ढब्बू खुर्चीतच घोरू लागे. मास्तरांचा मात्र त्या एका कपानंतर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे. शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली. “मला काळजीनं झोप नाही, आणि हा बघा! रेडा!”

डॉक्टरीणबाईंनी थर्मासचं झाकण उघडून वास घेतला.

“मास्तर, कॉफीतलं कॅफीन रक्तातून काढायचं काम लिव्हरचं. यांच्या लिव्हरमध्ये चरबी आहे, तरी ते काम करतंय. तुमचं करत नाही. कालची कॉफी अजून तुमच्या रक्तात फिरतेय.” मग त्या ढब्बूकडे वळल्या. “आणि तुम्ही झोपताय म्हणून खुशाल राहू नका. ब्लडप्रेशर चढलंय. सकाळचे दोन कप, बस्स.”

इतके दिवस रिपोर्टांतल्या आकड्यांनी मास्तरांना जे पटलं नव्हतं, ते एका कपानं पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. ढब्बू स्वतःच दवाखान्यात येऊन थडकला.

“काय दादा, आज सुट्टी?”

“राहू दे आता.” मास्तर खिडकीकडे बघत होते. “तुझी पोरं अजून शाळेत आहेत. चांगलं चाललेलं लिव्हर कापून घेऊ नकोस. तुला काही झालं तर?”

“हे आत्ता सुचलं? काकड्या खाऊन खाऊन हिरवा झालो मी!”

“चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा हे तुझं खातं, दादा. मी नुसता जाडा.” ढब्बू उठला. “तू ओरड, नाहीतर गप्प बस. मी चालणार.”

आणि तो चालला. पहिल्यांदाच, कुणी न ओरडता.

दुसऱ्या तपासणीला डॉक्टरीणबाई पडद्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की वहिनीही उठून पडद्याजवळ गेल्या.

“चरबी पुष्कळ उतरलीय,” त्या म्हणाल्या. “करू ऑपरेशन. धोका दोघांनाही आहे. तो मी कमी करून सांगणार नाही.”

ऑपरेशनच्या दिवशी दोन्ही भावांच्या स्ट्रेचरच्या गाड्या थिएटरच्या दाराशी शेजारी शेजारी लावल्या होत्या. आधी ढब्बूला आत नेणार होते. वॉर्डबॉयनं त्याच्या गाडीला हात घातला, तसा मास्तरांनी त्याला थांबवलं आणि घसा साफ केला.

“हे बघ,” ते म्हणाले, “जन्मभर मी तुला…”

पुढचं येईना. वहिनींनी तोंड भिंतीकडे केलं. ढब्बूनं मान वळवली.

“बोल ना, दादा.”

मास्तरांनी भावाच्या पोटाकडे बघितलं.

“या आजारात अंगाला फार खाज सुटते रे,” ते अखेर म्हणाले. “माझ्या हाताला सलाईन आहे. जरा खांद्यामागे खाजव ना. अं, थोडं खाली.”