तर्रीच्या पिंजऱ्यासमोर टांगलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना वेल्डिंगचा हातमोजा आहे. उजव्या हाताचा. डावाही होता, पण सिन्नरच्या कारखान्यात कुणीतरी त्याला तापलेल्या पत्र्यावर विसरलं आणि त्याचा पापड झाला. तेव्हापासून मी एकटा.

जाड चामडं, कोपरापर्यंत लांबी, बोटं दोडक्यांसारखी. दिवसभर अंगावर ठिणग्या पडायच्या, पण मी हूं की चूं केलं नाही. "शेखर, तुझा ग्लोव्ह म्हणजे वाघ आहे," असं सगळे म्हणायचे. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मग शेखरने मला नाशिकला, सिडकोतल्या घरी आणलं. तिथे एक मूठभर पोपटीण भेटली आणि वाघाची पार शेळी झाली.

तिचं नाव तर्री. पिवळी, केशरी, मध्येच लाल; मिसळीवर तरंगते अगदी तशी. हे नाव शेखरच्या मुलीने, हर्षालीने ठेवलेलं. घरात आली त्या दिवशी तर्री भेदरून कोपऱ्यात बसली होती. शेखरच्या आईने, साळूबाईंनी, थेट पिंजऱ्यात बोट घातलं.

"राम राम म्हण गं बये!"

तर्रीने बोट धरलं. साळूबाई किंचाळल्या, सून भाग्यश्री किंचाळली, कुकरनेही नेमकी तेव्हाच शिट्टी मारली. तर्री दचकून सगळ्यांकडे बघत राहिली. एवढा गोंधळ तिने जन्मात पाहिला नव्हता. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. चावलं की बोट मागे जातं. पुढचं बोट आलं तेव्हा तिने तोच उपाय केला.

"थांबा, हिला आपला वाघ दाखवतो," असं म्हणून शेखरने माझ्यात हात घातला.

काय सांगू मित्रांनो! तर्रीने पिसं अंगाला घट्ट चिकटवली. शेपटी पंख्यासारखी पसरली. डोळ्यातली बाहुली बारीक, मोठी, परत बारीक. मला कळलं, ती म्हणत होती, मागे हो. अहो, मला मागेच व्हायचं होतं! पण मोज्याचं कोण ऐकतं? हात पुढे गेला, म्हणून मीही गेलो. कच्च! माझ्या अंगठ्याची शिवण उसवली. शेखरने घाबरून हात झटकला आणि बिचारी तर्री जाळीवर आपटली.

"आता हा मोजा तिच्या समोरच टांग," साळूबाई म्हणाल्या. "धाकात ऱ्हाईल. लय माजलीय."

झालं. पिंजऱ्यासमोर खिळा ठोकला आणि मला लटकवलं. दिवसभर ती मला बघून थरथरायची आणि तिची चोच बघून मी थरथरायचो. पंख्याच्या वाऱ्याने मी जरा हललो की ती ओरडायची, आणि ती ओरडली की माझी उसवलेली शिवण आणखी सुटायची. दोघंही घाबरट, आणि घरातल्यांना वाटायचं धाक बसलाय!

धाक कसला, पिंजऱ्याजवळ येईल त्याला ती चावू लागली. दाणे घालणाऱ्या भाग्यश्रीला चावली. पाणी बदलणाऱ्या शेखरला चावली. साळूबाईंनी इतकी हळद लावली की घरात सगळ्यांची बोटं पिवळी. शेजारीण तर विचारून गेली, "लग्न कुणाचं आहे हो?"

एकदा तर्रीला पकडता पकडता शेखरच्या हातातून मी निसटलो आणि थेट आमटीच्या पातेल्यात पडलो. भाग्यश्रीने मला घासलं, पिळलं आणि गॅलरीत वाळत घातलं. चामडं वाळायला वेळ लागतो. तेवढे दिवस मी लसणाच्या वासात, पण निर्धास्त होतो.

परत खिळ्यावर आलो त्याच संध्याकाळी तर्रीने शेखरचा कान फोडला.

"बस्स! रविवारी महेश येतोय चांदवडहून. त्याच्याकडे देऊन टाकू," शेखर ओरडला. "कांद्याच्या चाळीत राहील."

हर्षाली जेवलीच नाही.

रविवारी शेखरचा मित्र महेश भोकं पाडलेला खोका घेऊन हजर झाला. "आण भाऊ तुझी मिरची," तो हसत म्हणाला. शेखरने मला हातात चढवलं. तर्री चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली. माझी बोटं आतून घामाने चिंब झाली. घाम शेखरचा की माझा, देव जाणे.

"पप्पा, थांबा!" हर्षाली मध्ये आली. "ती आपल्याला नाही, या मोज्याला घाबरते. हा गॅलरीत होता ना, तेव्हा ती एकदाही चावली नाही. मम्मीला विचारा!"

भाग्यश्री जरा विचारात पडली. "अहो, खरंच की."

"पोरगी वकील व्हणार तुमची," महेश म्हणाला.

हर्षालीने मला ओढून काढलं, महेशच्या खोक्यात कोंबलं आणि झाकण लावलं. मग पेरूची फोड घेऊन ती पिंजऱ्यापाशी गेली. खोक्याच्या भोकातून मला सगळं दिसत होतं. तर्रीची पिसं घट्ट झाली की हर्षाली थांबायची. सैल झाली की थोडी पुढे.

"आजी, काही झालं तरी ओरडायचं नाही हं."

"न्हाई बाई," म्हणत साळूबाईंनी पदर तोंडात धरला.

हर्षालीने उघडं बोट पुढे केलं. तर्रीने चोच उघडली आणि ते बोट चोचीत धरलं. शेखरने डोळे मिटले. माझी तर उरलेली शिवणही गेली. हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने हात मागे घेतला नाही.

आणि मित्रांनो, तर्री चावत नव्हती. ती चाचपत होती. फांदीवर पाय टाकण्याआधी ती पेलेल का, हे पोपट चोचीने बघतो. बोट हललं असतं, तर फांदी मोडली असं समजून तिने घट्ट पकडलं असतं. बोट हललं नाही. तर्रीने एक पाय टाकला. मग दुसरा.

"मग आता मी खोक्यातून काय नेऊ?" महेशने विचारलं.

"काका, मोजा न्या," हर्षाली म्हणाली.

म्हणून मित्रांनो, चांदवडला तर्री नाही, मी गेलो. तुमच्या घरी पोपट असेल, तर आधी त्याची पिसं बघा, डोळे बघा. तो मागे हो म्हणाला, तर मागे व्हा. चावला तर मारू नका, झटकू नका, आरडाओरडा करू नका. आणि माझ्यासारखं काही त्याच्यासमोर कधीच टांगू नका. धाकाने चोच बंद होत नाही. भीतीने ती उघडते.

महेश आता मला घालून कांद्याच्या गोण्या उचलतो. माझ्याकडे बघून इथे कुणी थरथरत नाही. फार बरं वाटतं.