दहाचा शिक्का

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांच्या कार्डांचा ट्रे सकाळी दहाला बंद व्हायचा. त्याआधी कार्डावर तारीख-वेळेचा शिक्का मारून ते आत टाकायचं, हा संपादकाचा, म्हणजे दादाचा कायदा. उशिरा आलेलं कार्ड बाद, आणि ज्याचं एक जरी कार्ड राहिलं त्याचं नाव मुखपृष्ठावरून गेलं. नऊ वर्षं मान मोडून राबलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीला तेवढंच हवं होतं, मुखपृष्ठावर दादाखाली आपलं नाव.

‘पंक्चुअल’ या शब्दाचं कार्ड मिळालंच नाही, असं दादा काल चारचौघांत म्हणाला होता. मिळालं नाही म्हणे! तिने ते तीन आठवड्यांपूर्वीच दिलं होतं. तरी सकाळी उठून तिने ते पुन्हा लिहून काढलं आणि धापा टाकत पोचली, तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

“आणि शब्द कुठला, तर पंक्चुअल! लाज कशी वाटत नाही?”

“दादा, वाच तरी.”

“बाद म्हणजे बाद. मीच लिहितो. वक्तशीर. संपलं.”

“आणि व्युत्पत्ती?”

“कुणाला हवीय?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला हवी होती. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ म्हणजे टोचून उमटवलेला ठिपका. त्यावरून बारीकसारीक मुद्द्यांवर अडून बसणारा माणूस. वेळ पाळणारा हा अर्थ त्याच्याही नंतरचा. त्यातला मधला माणूस तिच्यासमोरच बसला होता.

स्पेलिंग बघायला दादाने जाडजूड इंग्रजी कोश उघडला. हाताला लागेल ते कार्ड खूण म्हणून पुस्तकात खुपसायची त्याला खोड होती. आतून एक कार्ड निसटून पडलं. ते कचेरीत अक्षरजुळणी करणाऱ्या काकांनी उचललं.

“साहेब, हे पंक्चुअलच आहे. शिक्का तीन आठवड्यांपूर्वीचा. नऊ चाळीस.”

दादाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

“कोपऱ्यात तुझ्या नावाची आद्याक्षरं नाहीत,” तो म्हणाला. “बाद.”

तो माफी मागेल अशी तिची अपेक्षा नव्हतीच, पण हे ऐकून तिला हसू आलं, आणि त्या हसण्यात माया नव्हती.

“बरं. आद्याक्षरं नाहीत म्हणून ते कार्ड माझं नाही. म्हणजे आद्याक्षरं असलेली सगळी माझी, हो ना?”

तिने कपाटातला पहिला खण ओढून काढला. नऊ वर्षांची कार्डं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिची आद्याक्षरं.

“ठेव ते! पुस्तक छापायला जायचंय!” दादा ओरडला.

“उशीर होईल तुला,” ती म्हणाली.

दहा वाजून वीस मिनिटांनी पहिला खण दाराबाहेर गेला, आणि दुसरा उचलायला काका उठले.