वाजवणारा बिलात धरलेला नाही

आमच्या दुकानातून वाद्य घेऊन गेलेलं गिऱ्हाईक बरेचदा परत येतं आणि एकच तक्रार करतं, "दुकानात वाजत होतं तसं घरी वाजत नाही हो." मी गल्ल्यावर बसते. माझं उत्तर तयार असतं, "बरोबर आहे. वाजवणारा बिलात धरलेला नाही."

वाजवणारे म्हणजे आमचे हे. ह्यांच्या हातात माउथऑर्गन द्या, नाही तर पत्र्याची पिपाणी द्या, ती शहाण्यासारखी बोलायला लागते. गिऱ्हाईक भुलतं आणि घेऊन जातं. ह्यात फसवाफसवी काही नाही. माहेरी गाणारी मुलगी सासरी गेल्यावर गप्प बसते, त्यातलाच प्रकार.

ह्यांचं खरं वाद्य मात्र स्टील गिटार. ती छातीशी धरून वाजवत नाहीत. तान्ह्या बाळासारखी मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली स्टीलची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवायची. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घसरत जातो. म्हणून ऑर्केस्ट्रात ह्यांचं नाव घसरगुंडी पडलं होतं. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो. मध्यस्थ म्हणाले, "मांडीवर घेऊन वाजवतो." वडिलांनी पाण्याचा पेला खाली ठेवला होता म्हणतात.

ऑर्केस्ट्रात हे दुसऱ्या रांगेत, दिवा पोचत नाही तिथे बसायचे. गायिका श्वास घ्यायला थांबली की तेवढी फट ह्यांची. त्या फटीत हे असे काही घसरायचे की पहिल्या रांगेतले लोक रुमाल काढायचे. टाळ्या गायिकेला पडायच्या. ह्यांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, "तिला श्वास घेऊ देतो म्हणून तर ती गाते."

मग एका कार्यक्रमात कीबोर्डवाल्याने एक बटण दाबलं आणि त्यातून स्टील गिटार वाजली. अगदी तशी नाही. डब्यात कोंडलेल्या मांजरासारखी. पण ऑर्केस्ट्राच्या गाडीत एक माणूस कमी बसवावा लागला, एवढं मालकाला पुरलं. ह्यांनी नख्या डबीत ठेवल्या आणि वाद्यांचं दुकान टाकलं. जागा ह्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे माझ्या वन्संची. त्या वर राहतात, खाली रस्त्याकडच्या खोलीत आमचं दुकान.

गंमत पाहा, दुकानात सगळ्यात जास्त काय खपतं तर कीबोर्ड. ज्याने पोटावर पाय दिला तोच आता पोटाला घालतो. हे तो विकतात मन लावून. व्हायोलिनचं बटण दाबून दाखवतात, बासरीचं दाखवतात, घंटांचं दाखवतात. एक बटण सोडून पुढे जातात. गिऱ्हाइकाने विचारलंच, "हे कशाचं?" तर तोंडावरची माशी न हलवता सांगतात, "ते बिघडलंय. दाबू नका, मशीन तापतं." गिऱ्हाईक म्हणतं, मग थोडं कमी करा. मी कमी करते. प्रत्येक नवऱ्याचा संसारात एक खर्च असतो. कुणाची तंबाखू, कुणाचे मित्र. आमच्याकडे हे बटण.

दुकान नवं होतं तेव्हा हे आतल्या बाजूला बसून स्टील गिटार वाजवत राहायचे. लोक यायचे, डोळे मिटून उभे राहायचे आणि तृप्त होऊन घरी जायचे. साधी तारसुद्धा कुणी विकत घ्यायचं नाही. शेवटी वन्सं जिना उतरून आल्या.

"हे दुकान आहे की झोपायची जागा? एक तर धंदा कर, नाही तर ते मांडीवरचं पोर सांभाळ."

ह्यांना वन्संनी लहानाचं मोठं केलेलं. जगाशी भांडतील, ताईसमोर शेपूट घालतील. म्हणाले, "विकून टाकतो, ताई."

"कुणाला?"

"जो किंमत देईल त्याला."

"शब्द?"

"शब्द."

आमचे हे बाकी कसेही असोत, दिल्या शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी गिटार भिंतीवर, खाली किमतीची चिठ्ठी. पण गिऱ्हाइकाला मदत करीन, असा शब्द ह्यांनी कुठे दिला होता?

कुणी ती बघायला मागितली की हे अदबीने काढायचे, फडक्याने पुसायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात उभी द्यायचे. बस. पुढे चकार शब्द नाही. स्टील गिटारच्या तारा मुद्दाम उंच उचललेल्या असतात, त्या बोटांनी दाबायच्याच नसतात. गिऱ्हाईक बिचारं साध्या गिटारसारखी दाबायला जायचं. बोटांवर वळ उठायचे, आवाज कण्हल्यासारखा यायचा. "जरा कडक आहे हो," असं म्हणून परत द्यायचं. हे मान हलवायचे, "आहे खरी." आणि गिटार परत खिळ्यावर. असे किती आले आणि बोटं चोळत गेले.

मी काही बोलले नाही. पण ह्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा मी शिवते. डावा खिसा, रुसलेल्या पोराच्या ओठासारखा खाली लोंबलेला. विचारलं की म्हणायचे, "पेनं जड असतात हल्ली." कांडीचं विचारलं तर, "ती केव्हाच हरवली."

त्या शनिवारी वन्सं दुकानात येऊन बसल्या होत्या, चहाचा कप घेऊन. त्यांना वास लागला होता.

"इतकी माणसं येतात, कीबोर्ड नेतात, ढोल नेतात. ही एकच कशी रे खपत नाही?"

"दिवस वाईट आहेत, ताई."

"कुणाचे?"

तेवढ्यात एक बाई आत आली. कोपऱ्यावरच्या शाळेची बस चालवते ती, पाहिलेली होती. दणकट, हातात किल्ल्यांचा जुडगा, चालणं असं की समोरच्याने बाजूला व्हावं.

"काका, ती भिंतीवरची बघू."

ह्यांनी काढली, पुसली, उभी हातात दिली. बाईने ती घेतली, पायाने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि गिटार मांडीवर आडवी घातली.

ह्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"आणि कांडी?" बाई म्हणाली.

"कांडी तिच्याबरोबर येत नाही," हे म्हणाले.

"कांडी कसली रे?" वन्संनी विचारलं.

"काही नाही, ताई. हरवलेली."

मी खोकले. ह्यांनी खिशावर हात ठेवला.

"असू दे," बाई म्हणाली आणि पिशवीतून जाड काचेची बाटली काढली. कधीकाळी तिच्यात खोकल्याचं औषध असावं. "माझ्याकडे आहे. माझ्या साध्या गिटारीवर हिनेच वाजवते. पोरं शाळेतून सुटेपर्यंत बसमध्ये दुसरं करायचं काय?"

तिने वाजवायला सुरुवात केली. हात चांगला होता, भीड नव्हती. पण प्रत्येक सूर किंचित खाली पडत होता, जिन्याची पायरी चुकावी तसा.

चूक काय ते मला कळलं. मला कुणी शिकवलेलं नाही, ह्यांच्या शेजारी बसून बसून जे कानात गेलं तेवढंच. गिटारच्या दांडीवर आडवे पितळी पडदे असतात. बोटांनी वाजवणारा पडद्याच्या जरा अलीकडे दाबतो, हाताला तीच सवय लागते. कांडी मात्र बरोबर पडद्याच्या डोक्यावर धरावी लागते. अलीकडे धरली की सूर पोचतच नाही. बाई इमानदारीने अलीकडे धरत होती.

मला कळलं ते ह्यांना न कळायला काय झालं? एका वाक्याचं काम होतं. पण हे एक स्वच्छ कीबोर्ड पुसत होते. खालचा ओठ दातांत.

"बेसूर आहे की काय रे ही?" वन्सं म्हणाल्या.

हे पुसतच राहिले. "जुनी आहे, ताई. लाकूड म्हातारं झालंय."

स्वतःच्या तोंडाने म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली. पोरीला स्थळ येऊ नये म्हणून बापानेच ती तिरळी आहे असं सांगावं, तसं झालं होतं.

बाईने आणखी दोनदा प्रयत्न केला, मान हलवली आणि उठली. मला वाटलं, सुटलो. गिटार पुन्हा खिळ्यावर जाणार, शब्दही शाबूत, पोरही घरात. बाईने ती ह्यांच्या हातात दिली.

"नको, काका. आवडली होती. पण ही सुरातच नाही. ह्यापेक्षा तुमच्या कीबोर्डातलं स्टील गिटारचं बटण बरं."

मी गल्ल्याचा खण उगाच बंद केला.

"काय म्हणालात?" ह्यांनी विचारलं.

"बटण हो. शाळेच्या कीबोर्डात आहे. चांगलं वाजतं."

ह्यांनी फडकं खाली ठेवलं. स्टुलावर बसले. गिटार मांडीवर घेतली आणि खिशात हात घालून कांडी बाहेर काढली.

"हरवली होती ना?" वन्सं म्हणाल्या.

"सापडली," हे म्हणाले आणि वाजवायला लागले.

नख्या नव्हत्या, नुसत्या बोटांनीच. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, ते कुठलं गाणं नव्हतं. गाण्याच्या दोन ओळींमधल्या त्या सगळ्या फटी होत्या, ओळी काढून टाकलेल्या. सूर वर चढायचा, जागेच्या जरासा अलीकडे घुटमळायचा, येऊ का म्हणून विचारल्यासारखा, आणि मग आत यायचा. वन्संच्या चहावर साय धरली. बाहेर कुणी तरी सायकल थांबवली. ह्यांना आम्ही कुणी दिसत नव्हतो.

थांबले तेव्हा बसवाली म्हणाली, "घेते."

"काय घेता?"

"हीच. बेसूर नाही ती, मीच आहे. द्या."

आता कळलं ह्यांना, आपण काय करून बसलो ते. गिटारची अब्रू राखली आणि गिटार घालवली. वन्सं ह्यांच्याकडे पाहत होत्या. हे माझ्याकडे पाहत होते, दात काढायच्या खुर्चीत बसल्यावर पाहतात तसे. मी म्हणू शकले असते की चिठ्ठी जुनी आहे, किंमत वाढली. शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते. पण ह्यांनीच मान हलवली, नको अशी, आणि चिठ्ठी सोडवून माझ्यासमोर ठेवली.

बिल होईपर्यंत ह्यांनी बाईला पुन्हा स्टुलावर बसवलं आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. गिटारवरचा हात जरा उशिरा काढला.

"पडद्याच्या डोक्यावर धरायची. अलीकडे नाही. आणि ती बाटली पुन्हा हिला लावायची नाही."

"मग कांडी?"

हे खाली वाकले आणि तळातल्या खणातून एक डबी काढली. आत कोऱ्या कांड्या, ओळीने झोपवलेल्या.

"ह्या आपल्याकडे विकायला होत्या?" मी विचारलं.

"कुणी मागितल्या नव्हत्या," हे म्हणाले.

बाई गिटार घेऊन गेली. हे दारापर्यंत गेले.

"दुसऱ्याच्या मांडीवर दिलेल्या पोराकडे मागे वळून बघायचं नसतं," वन्सं म्हणाल्या, आणि बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत स्वतः खिडकीतून बघत राहिल्या.

ह्यांनी त्या दिवशी एकही कीबोर्ड दाखवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चहा ठेवला, त्यातली साखर विसरले, तरी काही म्हणाले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले.

सोमवारी दुपारी मागून खाटखूट ऐकू आली. दांडी वाकलेली एक साधी गिटार आमच्याकडे केव्हापासून धूळ खात होती. हे तिच्या गळ्याशी, तारांखाली, लोखंडाची पट्टी बसवत होते. तारा उचलल्या गेल्या. मग आडवी मांडीवर. मग खिशातून कांडी.

आवाज वर गेला असणार. वन्सं खाली आल्या, पदर खोचून.

"काय रे, शब्द दिला होतास ना?"

"ती विकली, ताई. तुझ्यासमोर विकली. हा दुकानातला माल आहे. कसा वाजतो ते गिऱ्हाइकाला दाखवायला नको?"

वन्संनी तोंड उघडलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि स्टूल ओढलं.

"मग दाखव," म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी शाळेची बस दारात थांबली. बसवाली मूल आणावं तशी गिटार कडेवर घेऊन आत आली. "काकू, दुकानात वाजली तशी घरी वाजत नाही."

माझं वाक्य तोंडात तयारच होतं. पण ह्यांनी तोवर दुसरं स्टूल स्वतःच्या स्टुलासमोर मांडलं होतं, आणि बाई त्यावर बसलीही होती.

"ह्या खेपेला बिलात धरलाय म्हण," वन्सं मला म्हणाल्या.

आता शनिवारी दोघं समोरासमोर बसून घसरतात. लोक डोळे मिटून उभे राहतात, पण जाताना निदान कांडी तरी विकत घेऊन जातात. कीबोर्डही चांगले खपतात.

ते बटण मात्र अजून बिघडलेलंच आहे.