ढेप का बसली नाही

मी उसातला एक विकर बोलतोय. कॉलेजात मला एन्झाइम म्हणतात. डोळ्यांना दिसणार नाही इतकी लहान, प्रथिनाची गुंडाळी आहे मी. माझ्या खाचेत साखर येऊन बसते, मी तिचे दोन तुकडे करतो आणि पुढची घेतो. त्यात मी झिजत नाही. त्या तुकड्यांवर ऊस वाढतो. माझे भाऊबंद तुमच्या थुंकीत आहेत, पोटात आहेत, पानांत, मुळांत आहेत. प्रत्येकाचं काम ठरलेलं. मला साखर तोडणं तेवढं येतं.

१९९७च्या जानेवारीत, पन्हाळ्याच्या पायथ्याला आक्काताईंचा ऊस तोडला. गुऱ्हाळावर आलो आणि घाण्याचं इंजिन बंद पडलं. सहा दिवस आम्ही उन्हात पडून. ऊस तोडला म्हणजे काम थांबवायचं असतं का? मला कळेना. मी साखर तोडतच राहिलो.

इंजिन दुरुस्त झालं. ढिगातला थोडा ऊस गाळून करीमचाचांनी पहिली काहिल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवली. तीस वर्षं गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवायचं, काम केलेला माणूस. पण गूळ बसेना. नुसता चिकट लगदा.

आक्काताई कडाडल्या, "करीमभाऊ, हात गेला की तुमचा! उद्यापासनं दुसरा गुळव्या बघते."

"व्हय, चुकलं असंल माझं," एवढंच बोलून ते चालू लागले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग माझं चुकलं होतं का? मी तर रोजचंच काम केलं होतं.

तेवढ्यात आक्काताईंची लेक पवित्रा कोल्हापूरहून आली. ती तिथं विज्ञान शिकते. सगळं ऐकून म्हणाली, "अव्वा, चाचांचा दोष न्हाय. ऊस पडून राहिला की त्यातला एन्झाइम साखर फोडतो. फुटलेली साखर घट्ट होत न्हाय, मग ढेप कशी बसंल?"

आक्काताई रस्त्यापर्यंत धावत गेल्या. "करीमभाऊ, वंगाळ बोलले मी. माघारी फिरा."

चाचा परतले. ढिगाकडं बघत म्हणाले, "बसत न्हाय तर न्हाय. काकवी करू की. ती पातळच लागती."

आता मी रसाबरोबर काहिलीत आहे. खाली चुलवाण पेटलंय. माझी गुंडाळी उलगडतेय, खाच मोडतेय. मी गूळ बिघडवला की काकवी केली, अजून मला समजत नाही. एकच मागणं आहे: ऊस तोडलात तर त्याच दिवशी गाळा. थांबायचं कधी, ते मला ठाऊक नसतं.