कबरीची शाळा

आई जाऊन वर्षं झाली, तरी तिचा जात्यावरचा आवाज बबिताच्या कानात होता:

पयला गं शबूद, लेक आईला देती,
उरलेलं सारं मग, जग वाटून घेती.

बबिताच्या लेकीचा, तेजूचा पहिला शब्द मात्र शेळीला मिळाला.

तेजूला जन्मापासून डाऊन सिंड्रोम. सात वर्षांची झाली तरी तोंडात नुसता हुंकार. बीडच्या वसतिगृहाच्या शाळेत स्वप्नाली मॅडमनं हनुवटी धरून, ओठांवर बोट ठेवून बोलायला शिकवलं. शब्द तोंडाशी आला आणि कोरोनानं शाळेला कुलूप घातलं. तेजू सिरसाळ्याजवळच्या वस्तीवर परतली.

तेजूचा बाप म्हाळू दिवसभर शेळ्यांच्या कळपामागं. पाय दुखावलेली कबरी शेळी तेवढी दारात. तेजूनं तिचीच शाळा मांडली. हनुवटी धरायची, ओठांवर बोट ठेवायची. "पा... पाणी. शाब्बाश."

बबितानं कुडाआडून ऐकलं. धावत जवळ गेली, तर पोर गप्प.

न्हाऊ घालायचं आईनं, भाकर कुस्करून भरवायची आईनं, आणि बोल कबरीला. सवत असती तर भांडता तरी आलं असतं. कबरीला बाभळीच्या शेंगा टाकताना बबिताची मूठ आखडायला लागली.

मॅडमचा फोन यायचा. "तेजू काही बोलते का हो?"

"न्हाई वो. एक अक्षर न्हाई."

"बोलतं ठेवा तिला. आता थांबलं, तर आलेलंही जाईल."

एके दिवशी बबिता म्हाळूला म्हणाली, "कबरी पोरीला शिंगं मारती. इकून टाका."

मास्क हनुवटीला अडकवून व्यापारी आला. "शेळी तर लई गरीब दिसती. कामून इकायलास बे?"

"बायकोला इचार. दोघीचं पटंना," म्हाळू हसला.

व्यापाऱ्यानं दावं सोडलं. तेजू रडली नाही. कबरीची हनुवटी धरून, ओठांवर बोट ठेवून ती हळूच पुटपुटली. मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. ते तिथंच राहिलं.

'आता थांबलं, तर आलेलंही जाईल' हे मॅडमचं बोलणं बबिताला आठवलं. तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनं नेहमीचंच विचारलं.

"बोलती," बबिता म्हणाली. म्हाळूनं वळून पाहिलं. व्यापाऱ्याच्या हातातलं दावं तिनं धरलं. "पाणी म्हणती. शाब्बाश म्हणती. लई दिवसांपासून बोलती, मॅडम. शेळीशी बोलती. माज्याशी न्हाई."