हातावरची थोरली

कुंडलिकच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, ‘बजा’ असं गोंदलेलं होतं. लग्न झाल्यावर वैरागच्या बाजारात त्यानं ते हौसेनं गोंदवून घेतलं, आणि वर्षाच्या आत बजाबाई काविळीनं गेली. नाव तेवढं राहिलं.

मग अंबुबाई आली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, अशी त्यांच्यात रीत. सासू चिकट. “टाक कशाला? नाव हाय की हातावर,” म्हणाली आणि विषय मिटवला. तेव्हापासून सणावाराला कुंडलिकनं हात पुढं करून पाटावर बसायचं. अंबुबाईनं आधी त्या नावाला हळदकुंकू लावायचं, नवी साडी त्याला टेकवायची आणि मगच स्वतः नेसायची. हे करताना ती काहीतरी पुटपुटत असे. देवाचं म्हणत असेल, असं समजून कुंडलिक भिंतीकडं बघत बसे.

कुंडलिक म्हणायचा, “बजाला चहा आवडत नव्हता.” अंबुबाई म्हणायची, “आक्कास्नी चहा आवडत न्हाय.” मेलेल्या बाईला वर्तमानकाळ, आणि तोही आदरार्थी! सून रेश्मा जुळे सोलापूर भागातल्या एका शाळेत मराठी शिकवायची. तिनं सासूचा काळ दुरुस्त करून पाहिला आणि शेवटी नाद सोडला.

एसटीच्या ड्रायव्हरला निवृत्त झाल्यावर विचार करायला फार वेळ मिळतो. कुंडलिकला वाटायला लागलं, या बाईनं उभा जन्म नवऱ्याच्या हातावर सवत बघितली आणि चकार शब्द काढला नाही. त्याला मनापासून वाईट वाटलं. दिवाळीच्या आत हे मिटवायचं, असं त्यानं ठरवलं. बायकोला विचारावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. ते आजवर कधीच आलं नव्हतं.

टॅटूवाला फरहान म्हणाला, “काका, लेसरनं जायला लई दिवस लागतील. वरून दुसरं काढू. काय काढू?”

“काय बी काढ. नाव दिसाया नको.”

नाव झाकायला भरपूर काळं लागतं. फरहाननं गरुड काढला.

पाडव्याला अंबुबाईनं पाट मांडला आणि नवी साडी घेऊन आली. कुंडलिकनं बाही वर सारली.

“तुज्यासाठी केलं,” तो म्हणाला. “सुटलीस.”

अंबुबाई गरुडाकडं बघत राहिली. “आक्का कुटं हायेत?”

“खाली हाय. दिसत न्हाय एवढंच.”

ती रडायला लागली. सासू गेली तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. कुंडलिकची पुरती तंतरली.

“अगं, सवत व्हती ती तुजी!”

“आसंल सवत. पर ह्या घरात माजं ऐकणारं त्ये एकच माणूस व्हतं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “दर सणाला बोलायची मी त्यांच्यासंगं. तुमाला काय वाटलं, आरती म्हणत व्हते?”

कुंडलिकला तसंच वाटलं होतं, पण आता ते सांगायची सोय नव्हती.

“मग मला सांग की,” तो म्हणाला. “मी ऐकतो.”

“तुमाला? अवो, समदी गाऱ्हाणी तुमचीच असायची!”

कुंडलिकला उठून बाहेर जावंसं फार वाटलं. तो पाटावरच बसून राहिला. “सांग,” म्हणाला.

अंबुबाईनं साडी बाजूला ठेवली, पदर खोचला, समोर नीट मांडी घातली आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली.