शिक्क्याची झडती

आमच्या गावात झडती म्हटल्याशिवाय पोळा फुटत नाही. बैलं सजून तोरणाखाली उभे रायतात, अन् पुंजाजी आबा पुढं येऊन, वर्षभरात ज्यानं जे केलं ते यमकात बांधून त्याच्या तोंडावर फेकते. मास्तर असो का तलाठी, त्या दिवशी कोणी रागवाचं नाही. हा कायदा कुठी लिवेल नाही, पण आजलोक कोणी मोडला नोहता.

औंदा मोडला सरपंच खुशालरावनं.

त्यानं नाल्यावर रपटा, म्हंजे बुटका पूल, बांधला, फीत कापली, पेपरात फोटो छापून आणला. पहिल्याच पुरात रपटा उठून खालच्या गावात गेला. तिथल्या बायका आता त्याच्यावर धुणं धुतात, लय मजबूत हाये म्हणतात. अन् पोळा आला दहा दिवसावर. बुढा झडती जुळवून राहिला हे गावाले माहीत होतं, काय जुळवली हे कोणालेच नाही. खुशालरावले झोप लागे ना. तो गेला ठाण्यात.

"साहेब, माह्या भावना दुखावून राहिल्या."

"काय म्हटलं कोणी?" ठाणेदारानं इचारलं.

"अजून काही नाही. पुंजाजी पोळ्याले म्हणन. आत्ताच लिवून घ्या."

ठाणेदारानं आबाले बलावलं. आबा म्हणे, "झडती तोरणाखालीच म्हणाची असते, साहेब."

"इथं म्हणा आबा, नाही तं पोळा कोठडीत करा."

आबानं मान खाली घालून म्हटली. जमादार कुंदननं मोत्यासारख्या अक्षरात लिवून घेतली. आदेश निघाला, का हा मजकूर पुंजाजीनं उच्चारू नये, अन् पोळ्याच्या दिवशी सूर्य बुडेलोक तोंडच उघडू नये. खाली आबाची सही घेतली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीले, बैलाच्या खांद्याले लोणी लावता लावता आबा मले म्हणे, "चंद्रभान, मले कोठडीचं भेव नाही. पण एक वर्स झडती चुकली ना, तं पुढच्या वर्सी लोक आपल्या मनानं चूप बसतीन. मंग ते कायमचं."

मी लोणीच लावत राहिलो.

खुशालरावचा जीव तरी थाऱ्यावर नोहता. दुसऱ्याच कोणी म्हटली तं? तो पुन्हा ठाण्यात गेला. "साहेब, आदेश माईकवर वाचून दाखवा. गावातल्या प्रत्येकाले आयकू गेलाच पायजे. उद्या कोणी म्हणाले नको का मले माहीत नोहतं." ठाणेदाराले पटलं. आदेशात तशी ओळ वाढवली.

पोळ्याले सारं गाव तोरणापाशी जमलं. आबा मंधात, तोंडावर हात ठेवून उभा; ठाणेदार बाजूले, जीपीपाशी. जमादारानं टोपी सारखी केली, घसा खाकरला अन् वाचाले लागला.

"तमाम गावकऱ्यांना कळविण्यात येते की, इसम नामे पुंजाजी यांनी खालील आक्षेपार्ह मजकूर उच्चारू नये. मजकूर येणेप्रमाणे:

नाल्यावर बांधला रपटा, फीत कापली लाल,
पहिला पूर आला अन् रपटा पायमाल.
रेती गेली कुठी, सिमिट गेलं कुठी?
सरपंचाच्या घरावर माडी चढली मोठी!"

काय सांगू तुमाले! बैलाईनं माना हालवणं थांबवलं, एक घुंगरू वाजे ना. झडत्या आमी जल्मभर आयकल्या, पण सरकारच्या तोंडून? वर्दीत? दोन बुढ्याईनं तं टोप्या काढून हातात घेतल्या. आबाचा हात तोंडावरच होता, पण डोळे मोठे झाले होते, जसं कोणी त्याच्याच घरात त्याले देव दाखवला.

"बस झालं!" खुशालराव वरडला.

तेवढ्यात ओट्यावरून रुख्मिणीबाई म्हणे, "जमादार, मले आयकू नाही आलं बाप्पा. प्रत्येकाले आयकू गेलं पायजे, असं हाये ना त्याच्यात?"

जमादारानं कागद पायला. होतं तसं. त्यानं पुन्हा वाचलं. हा जमादार मूर्तिजापूरकडला, त्याचं लहानपण पोळ्यातच गेलेलं. दुसऱ्या खेपेले त्याचा आवाज आपोआप झडतीच्या चालीवर गेला. मंग पियुष म्हणे, "साहेब, मी आत्ताच भातकुलीहून आलो." हा सकाळपासून माह्या बाजूले उभा होता!

तिसऱ्या खेपेले जमादारानं डोळे मिटले होते. कागदाकडं पायलंच नाही. माडीच्या ओळीपाशी आवाज असा चढला का साऱ्या गावानं एका दमात आरोळी ठोकली, "हर बोला, हर हर महादेव!" त्या आवाजानं मानाचा बैल उधळला, तोरण तुटलं, पोळा फुटला.

"पकडा त्याले!" खुशालराव ठाणेदारापाशी धावत गेला.

"कोणाले?" ठाणेदारानं इचारलं.

आबा तोंडावर हात ठेवून उभा. जमादाराच्या हातात आदेश, आदेशावर गोल शिक्का, शिक्क्यावर ठाणेदाराची सही. ठाणेदार त्या सहीकडं लय वेळ पायत राहिला, जशी आपली चप्पल दुसऱ्याच्या दारात दिसावी. मंग हळूच जीपीत जाऊन बसला.

संध्याकाळी आबाच्या आंगणात हे गर्दी! आबानं पुरणपोळी खाल्ली अन् हात पुन्हा तोंडावर ठेवला, चकार शब्द नाही. सही केली होती ना. सूर्य बुडाला. जमादारबी आला होता, टोपी काखेत धरून, परीक्षेच्या निकालाले यावं तसा.

आबानं तोंडावरचा हात काढला, पाणी पेला, अन् जमादाराकडं पाहून म्हणे,

"चाल बरी हाये. फक्त तिसऱ्या ओळीपाशी दम घेत जा, जमादारसाहेब. लोकाईले रेती शोधाले वेळ लागते."